दुसरा हात कोण मारणार?

गणपतीत गावी आलेला चाकरमानी जमिनीकडे बघत नाही. घर, आरत्या, भजनं, पाऊस, आणि विसर्जन झालं की परतीची गाडी. जमिनीकडे त्याचं लक्ष जातं ते दिवाळीत, पाऊस उघडून पायवाटा सुकल्यावर. घरामागच्या ज्या उतारावर आजोबा नाचणी करायचे, जिथे नव्वदच्या दशकात वडलांनी काजूची कलमं लावली, तिथे आता पाय ठेवायला जागा नाही. पुरुषभर उंचीची रानमोडी, तिच्यातून डोकं काढलेली घाणेरी, काजूच्या शेंड्यावर चढून पसरलेल्या वेली. दगडी गडगा होता तिथे नुसता हिरवा उंचवटा. मग तो शेजाऱ्याला विचारतो, “ह्यां साफ करूक किती पैशे लागतले?”

कणकवलीपासून सावंतवाडीपर्यंत कुठल्याही वाडीत हा प्रश्न ऐकू येतो. पैसे ठरतात, माणसं मिळतात, चार दिवस ग्रास कटरची घरघर वाडीभर घुमते. उतार न्हाव्याकडून आल्यासारखा दिसायला लागतो. मालक फोटो काढून भावंडांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकतो आणि गाडी पकडतो. पुढच्या दिवाळीला रान होतं तसं असतं, बऱ्याचदा होतं त्याहून दाट.

कुडाळ तालुक्यातले एक म्हातारे गृहस्थ आयुष्यभर लोकांच्या बागांची बेणणी, म्हणजे गवत-झुडपं काढायचं काम, करत आलेत. वाडीत सगळे त्यांना आबा म्हणतात. कंबरेला लाकडी आकडी, तिच्यात कोयता, खांद्यावर पारय, म्हणजे पहार. मशीन त्यांच्या मुलाकडे आहे, पण त्यांचा त्यावर फारसा जीव नाही. “पयलो हात कोणय मारता,” ते म्हणाले. “दुसरो हात मारूक कोण येतलो, तां सांगा.”

मशीनवर राग का, ते त्यांनी बोलून नाही, दाखवून सांगितलं. गेल्या हंगामात कटरने कापलेलं रानमोडीचं एक खोड त्यांनी पारयीने सैल करून उपटलं. जमिनीपासून चार बोटांवर पात्याने केलेला काप, वाळून करडा पडलेला. त्या कापाच्या खाली प्रत्येक पेरावर समोरासमोर दोन डोळे, आणि जवळजवळ प्रत्येक डोळ्यातून फुटलेला धुमारा. मुळांचा पसारा फार खोल नव्हता, वीतभर असेल. पण खोड आणि मूळ जिथे जुळतं तिथे एक लाकडी गड्डा तयार झालेला होता, मुठीएवढा. त्या गड्ड्यावरूनही फुटवे निघाले होते. एका खोडाची आता नऊ खोडं झाली होती. मशीनने तण कापलं नव्हतं, त्याची छाटणी केली होती, आणि छाटणीने झाड भरतं हे बागायतदाराला वेगळं सांगायला नको.

रानमोडी मूळची अमेरिकेच्या उष्ण पट्ट्यातली. एकोणिसाव्या शतकात शोभेचं झाड म्हणून ती कोलकात्याच्या वनस्पती उद्यानात आली आणि तिथून सुटली. घाणेरी तिच्याआधीची, १८०९च्या सुमारास, त्याच उद्यानात, त्याच कारणाने. आज आपण हौसेने नर्सरीतून काय काय आणतो आणि कुंपणाला लावतो ते बघताना या दोघींची आठवण ठेवायला हरकत नाही. रानमोडीचं बी बारीक, त्याला म्हातारीसारखी तुसं, ते वाऱ्यावर जातं. घाणेरीचं काळं फळ बुलबुल खातो आणि ज्या झाडावर बसतो त्याखाली पेरतो. दोघींनाही गुरं सहसा तोंड लावत नाहीत. उन्हात उघड्या पडलेल्या, पण कोणी न फिरकणाऱ्या जमिनीवर या दोघींची चंगळ असते.

आणि कोकणात अशी जमीन गेल्या साठ-सत्तर वर्षांत पद्धतशीर तयार झाली. पूर्वी वरकस जमीन रिकामी राहायची नाही. चार-पाच वर्षांच्या फेऱ्याने नाचणी, वरी, मध्ये विश्रांती. भातरोपाच्या तरव्यासाठी राब भाजायला दरवर्षी कवळ तोडलं जाई, गवत कापलं जाई, पातेरा गोळा होई, गुरं फिरत. डोंगराला दर हंगामाला कोणाचा तरी कोयता लागत होता. त्या पद्धतीतही झाडांवर अन्याय होता, मातीवरही होता. तिचे गोडवे गाण्याचं कारण नाही. पण ती थांबली तेव्हा तिच्या जागी दुसरं काही आलं नाही. माणसं मुंबईला गिरण्यांत गेली, मग गिरण्या गेल्या तरी माणसं परत आली नाहीत. गोठे रिकामे झाले, राबाची जागा युरियाने घेतली.

त्यात कायद्याचा एक पदर आहे, ज्याबद्दल गावात सगळे बोलतात आणि लिहिताना सगळे टाळतात. १९४८चा कुळवहिवाटीचा कायदा आणि १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन. कसणाऱ्याला जमीन मिळाली, पिढ्यान्‌पिढ्यांची वेठ संपली, हे न्यायाचंच झालं. पण त्या दिवसाची एक भीती जमीनमालकांच्या मनात घर करून बसली ती आजतागायत. दुसऱ्याला जमीन कसायला दिली तर उद्या तो कूळ म्हणून उभा राहील. ही भीती अगदीच निराधार नाही, त्यामुळे ती जातही नाही. परिणाम असा, की मालक स्वतः कसत नाही आणि शेजाऱ्याला कसू देत नाही. शेजाऱ्याची चार गुरं, दोन हात आणि रोजची नजर बांधापलीकडेच अडते. सातबाऱ्यावर सतरा नावं, त्यातली निम्मी डोंबिवली-विरारला, दोन-तीन परदेशात. साफसफाईचे पैसे कोणी द्यायचे यावर एकमत व्हायला एक पिढी जाते. रानमोडीला एवढा अवधी पुष्कळ झाला.

१९९०-९१ पासून रोजगार हमीला जोडलेली फळबाग योजना आली तेव्हा कोकणातले शेकडो उतार साफ झाले, आंब्या-काजूची कलमं लागली. तो पहिला हात मोठा होता, सरकारी होता आणि चांगलाही होता. जिथे घरचं माणूस राहिलं तिथल्या बागा आज उभ्या आहेत. जिथे कुलूप लागलं तिथे काजू आहे, पण तो शोधावा लागतो.

घाटावरचा दाखला इथे द्यावासा वाटतो. काळ्या जमिनीत हरळी आणि कुंदा हे तिथले जुने वैरी. हरळीच्या काशा हातभर खोल जातात, तुकडा राहिला की त्यातून नवी हरळी. त्या उपटायला सहा-आठ बैल जुंपून लाकडी नांगर घातला जाई, आणि तो सगळ्यांना परवडत नसे. १९०३ साली बेळगावात लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर केला तेव्हा लोखंडाने जमीन नासते अशा समजुतीने शेतकरी त्याला हात लावेनात. पहिला नांगर खपायला दोन वर्षं गेली. पुढे तो खपला तो कशामुळे, तर खोल नांगरट होऊन काशा वर येऊ लागल्या म्हणून. मात्र नांगराने निम्मंच काम होई. उरलेलं काम म्हणजे उन्हाळाभर ढेकळं तापवायची, मग बायका-मुलांनी रांगेने काशा वेचायच्या, बांधावर नेऊन जाळायच्या, आणि पुढच्या वर्षी पुन्हा बघायचं. वेचणाऱ्या हातांची नोंद कुठल्याच कारखान्याच्या इतिहासात नाही. पण शेतकरी शेतावरच राहत होता म्हणून नांगर यशस्वी झाला. कोकणातल्या उतारावर यंत्र आलं आणि माणूस गेला, हा उलटा हिशोब आहे.

मग करायचं काय? प्रत्येक तणाचा जीव कुठे आहे ते आधी बघायचं. रानमोडीचा जीव त्या गड्ड्यात. पाऊस सरता सरता, भाद्रपद-आश्विनात माती ओली असते तेव्हा वर्षा-दोन वर्षांचं रोप हिसका देऊन मुळासकट येतं. मोठं असेल तर पारयीने गड्डा उचकटायचा, मुळाची माती झाडायची आणि दगडावर उलटं टाकायचं. मार्गशीर्षात तिला फिकट जांभळी फुलं येतात, माघ-फाल्गुनात बी उडतं. म्हणजे दिवाळीच्या आसपासची जी जुनी बेणणी होती तिची वेळ अचूक होती, गवतासाठी ठरलेली असली तरी. आज बरेच मालक मे महिन्याच्या सुट्टीत साफसफाई काढतात. तोवर बी शेजाऱ्याच्या बागेतही पोचलेलं असतं, आणि सुकलेली खोडं अंगावर ओढताना उरलंसुरलं आपणच पसरतो.

घाणेरीसाठी दिल्ली विद्यापीठाचे प्रा. सी. आर. बाबू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॉर्बेट व्याघ्र प्रकल्पात एक पद्धत बसवली. ऐकायला साधी आहे. खोड जमिनीवर कापायचं नाही, जमीन खरवडून बोटभर खाली, जिथून फुटवे येतात त्या भागाच्याही खाली मुख्य मुळावर घाव घालायचा. मग पूर्ण झुडूप उचलून उलटं ठेवायचं, म्हणजे फांद्यांना माती लागून मुळं धरत नाहीत. एक कुदळ आणि सराव असलेला माणूस, बाकी काही लागत नाही. पण त्या पद्धतीचा खरा भाग पुढे आहे: ज्या झाडांवर पक्षी बसतात त्यांच्याखाली पावसात उगवणारी घाणेरीची रोपं वेचायची, आणि मोकळ्या झालेल्या जागी स्थानिक गवतं बसवायची. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासानुसार देशातल्या वाघांच्या जंगलांपैकी ४० टक्क्यांहून अधिक क्षेत्रात घाणेरी पोचली आहे. एवढ्या विस्तारावर कुदळ पुरी पडेल का, हा प्रश्न रास्त आहे. दोन एकरांच्या मालकाला मात्र तो पडण्याचं कारण नाही.

वेलींचं गणित वेगळं. इथे घाई करणारा माणूस आधी झाड मारतो आणि नंतर स्वतःला. आंब्याच्या शेंड्यावर चढलेली जाड वेल खालून तोडून ओढायला गेलात तर ती एकटी येत नाही, सुकी फांदी, मधमाश्यांचं पोळं, जे असेल ते घेऊन येते. जाणता माणूस वेल दोन ठिकाणी कापतो: एक काप घोट्याशी, दुसरा कंबरेशी, आणि मधला तुकडा काढून बाजूला टाकतो. वरचा भाग आहे तिथेच सोडून देतो. दोन-तीन महिन्यांत पानं गळतात, पुढच्या पावसाळ्यापर्यंत दोर कुजतो आणि आपोआप तुटून येतो. खालच्या बुंध्याला फुटवा येतोच, तो कोवळा असताना खुडत राहायचा.

ही युक्ती गुळवेलीपुढे मात्र चालत नाही. खालून तोडली की ती वरूनच दोऱ्यासारखी बारीक मुळं खाली सोडते. हवेत लोंबकळत, दिवसागणिक लांबत, वीस-पंचवीस फूट उतरून ती मुळं जमिनीला लागतात आणि वेल पुन्हा चालू. आबांनी एका फणसावर ती दाखवली, हिरवट पिवळी मुळं वाऱ्यावर हलत होती, एकाचं टोक जमिनीपासून गुडघाभर उंचीवर आलं होतं. त्यांनी ते कोयत्याने नुसतं टोचून पाहिलं आणि सोडून दिलं. करोनाच्या काळात हिच्या काढ्यासाठी लोक रांगा लावत होते. तेव्हा कोणी फुकट साफ करून नेली असती.

उक्षी वेगळ्या जातीची. अर्धी झुडूप, अर्धी वेल, एकदा झाडात गुंतली की लाकूड होते. रानात फिरणारे लोक उन्हाळ्यात तिचं जाड खोड तोडून त्यातलं पाणी पितात. उक्षी इथलीच आहे, तिच्या फुलोऱ्यावर मधमाश्या असतात, आणि बागेच्या कडेला ती असली तर बिघडत नाही. खाजकुयलीचं तसं नाही. पौषात तिच्या शेंगा पिकल्या की त्यांवरची सोनेरी लव वाऱ्याने उडते आणि अंगाला लागली की माणूस कपडे फाडतो. गडी कामाला येण्याआधी विचारतात ते “भाऊनू, कुयली आसा काय?” असेल तर मजुरी वाढते, आणि ती वाढावीच. तिला फुलाआधीच, पावसाळ्यात उपटायचं.

गारंबी भेटली तर कोयता खाली ठेवावा असं माझं स्पष्ट मत आहे. पेंडशांच्या कादंबरीमुळे हे नाव बहुतेकांना गाव म्हणून माहीत. वेल म्हणून ती हत्तीच्या पायाएवढ्या जाडीची होते, हातभराहून लांब शेंगा, त्यात तपकिरी, चपट्या, खिशात ठेवाव्याशा वाटणाऱ्या बिया. सत्तरच्या दशकात माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी सह्याद्रीतल्या देवरायांचा अभ्यास केला, त्यात श्रीवर्धन तालुक्यातल्या गाणी गावच्या राईतल्या गारंबीची नोंद आहे. गुरांना साप चावला तर तिची साल उपयोगी पडते अशा श्रद्धेने लांबून लोक येत. राई राहिली म्हणून वेल राहिली, आणि वेल हवी म्हणून राईही राहिली असावी. ब्रिटिश काळापासून वनखात्याच्या कार्य आयोजनांत वेली तोडणं हे नेमाचं काम असे, कारण सागाचं खोड सरळ हवं. शेकरूला मात्र सरळ खोडाशी कर्तव्य नसतं. त्याला या झाडावरून त्या झाडावर जायला वेलींची वाट लागते. ज्याला लाकूड विकायचं नाही त्याने खात्याची जुनी सवय कशाला उचलावी?

घाईच्या वाटा तीन आहेत आणि तिन्ही गावोगाव वापरल्या जातात. एक म्हणजे काडी. सुकलेली रानमोडी तडतडून पेटते, आग बागेत, बागेतून शेजाऱ्याच्या काजूत, तिथून डोंगरावर. फाल्गुन-चैत्रातल्या कोकणातल्या वणव्यांना माजलेल्या रानाने किती सरपण पुरवलं हे पेटलेल्या उतारावरून चालताना दिसतं. गड्डा जमिनीत शाबूत राहतो, पहिल्या पावसाला राखेतून रानमोडीच सगळ्यांच्या आधी वर येते.

दुसरी वाट पंपाची. ग्लायफोसेट या तणनाशकाचा वापर केंद्र सरकारने २०२२च्या ऑक्टोबरमध्ये परवानाधारक कीड नियंत्रकांपुरता मर्यादित केला. त्याआधीही चहाचे मळे आणि पिकाखाली नसलेली जमीन एवढ्यासाठीच ते मान्य होतं. प्रत्यक्षात काय चालतं ते गावात सगळ्यांना ठाऊक आहे. कातळाच्या उतारावर फवारलेलं औषध पावसाबरोबर खालच्या विहिरीच्या दिशेने जातं, आणि खाली राहणारं घर बहुधा गावात मागे राहिलेल्या म्हातारीचं असतं.

तिसरी जेसीबी. तो तण काढतो यात वाद नाही, त्याबरोबर वीतभर माती, कुडा, करवंद, सातविणीची रोपं, पाणी अडवणारे जुने बांध सगळंच काढतो. तीन हजार मिलिमीटर पावसाच्या मुलखात उघडी लाल माती पहिल्या मृगातच ओहोळाला लागते. उरलेल्या जांभ्यावर पहिलं बी कोणाचं पडणार हे सांगायला नको.

याच्या नेमकं उलट टोक ऑस्ट्रेलियात सापडतं. सिडनीच्या जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी साठच्या दशकात आपल्या घराजवळच्या रानातलं परकं तण हाताने काढायला सुरुवात केली. सगळ्यात माजलेल्या जागेवर तुटून पडायचं नाही. जिथे मूळचं रान अजून चांगलं आहे तिथून सुरुवात करायची आणि हळूहळू वाईटाकडे सरकायचं. माती कमीत कमी हलवायची. आणि रान स्वतःहून जितक्या वेगाने परत येईल तितक्याच वेगाने पुढे जायचं, त्याहून भरभर नाही. फोटोत दाखवायला या पद्धतीत पहिली दोन वर्षं काहीच नसतं, त्यामुळे ती कोणत्याही व्हॉट्सॲप ग्रुपला पटणार नाही. पण आबांचं म्हणणं आणि या बहिणींचं म्हणणं एकच आहे. पाच एकर एकदा साफ करण्यापेक्षा दहा गुंठे तीन वर्षं राखणं स्वस्त पडतं.

कामाला उतरणाऱ्याने एक-दोन गोष्टी जपाव्या लागतात. जांभ्याच्या चिऱ्याखाली फुरसं असतं, म्हणून चिरा उचलताना हात नाही, पारय. २०१६च्या सुरुवातीला दोडामार्ग तालुक्यात माकडताप आला आणि नंतर आजूबाजूलाही पसरला. तो गोचिडीतून होतो, आणि काजू वेचायला, पातेरा काढायला रानात जाणाऱ्यांना तो गाठतो. हंगामाच्या ऐन भरात, हिवाळ्यापासून पावसाळ्यापर्यंत. अंगभर कपडे, गोचीड दूर ठेवणारं तेल, घरी आल्यावर गरम पाण्याने आंघोळ. ज्यांच्यासाठी हे सांगितलं जातं ते रोजावरचे लोक बाह्या दुमडूनच काम करतात, कारण उकाडा असतो. तेल मालकाने आणून द्यावं, सांगून थांबू नये.

आणि कोयता चालवताना साफसफाईच्या नावाखाली खैर, ऐन, किंजळ, फणस आडवे होत नाहीत ना हे बघावं. १९६४च्या झाडे तोडण्याच्या कायद्याखाली अशा झाडांना परवानगी लागते, मालकी आपली असली तरी. रान साफ करून देतो, पैसे नकोत, लाकूड आम्ही नेऊ, असं सांगणारा माणूस भेटला तर त्याचा हिशोब रानमोडीचा नसतो.

आबा ज्या जागेवर सध्या जातात ती दोन चुलतभावांची. एक गोरेगावला, एक पुण्याला. त्यांनी एक सोय केली आहे: साफसफाईचे पैसे एकदम न देता आबांना आणि त्यांच्या सुनेला वर्षभर महिन्याला काही रक्कम. पावसात उपटणी, दिवाळीला बेणणी आणि जाळरेषा, मधेअधे फेरी. पहिल्या वर्षी बघण्यासारखं काही झालं नाही. दुसऱ्या वर्षी गवत आलं, आणि गवताबरोबर शेजारची दोन गुरं, त्यांना कोणी हाकललं नाही. तिसऱ्या वर्षी करवंदीच्या जाळ्या सुटल्या, काजूच्या आठ झाडांना बोंडं लागली आणि दक्षिणेकडच्या रानातून पूर्ण गडगा बाहेर आला.

गडगा निघाला तसा त्याच्या टोकाचा हद्दीचा दगडही निघाला. तो सगळे समजत होते तिथे नव्हता, आठ-दहा हात अलीकडे होता. शेजारचा मालक ठाण्याहून आला, दोन्ही बाजूंनी कागद निघाले, आणि शेवटी मोजणीचा अर्ज झाला. तोवर त्या पट्ट्यात कोणीच पाय ठेवायचा नाही असं ठरलं. या भाद्रपदात तिथली रानमोडी छातीपर्यंत आली होती. उपटायला दोन्हीकडची माणसं तयार होती, आबा तर पारय घेऊनच उभे होते. पण तिथलं पान तोडणाऱ्याने जमिनीवर हक्क सांगितला असं होईल, म्हणून सगळ्यांनी ती वाढताना बघितली.